नऊशे विरुद्ध एक हजार साठ

माणसाने आयुष्यात एकदा तरी तत्त्वासाठी रक्त सांडावे, असे थोर लोक सांगून गेले आहेत. मी सांडले आहे. कपाळाला सात टाके, डाव्या खांद्यापाशी मोडलेले हाड, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची नखे कायमची गेलेली. माझे तत्त्व होते नऊशे अंश सेल्सिअस.

समोरचे तत्त्व एक हजार साठ अंशांचे होते आणि ते माझ्या साडूंचे होते. साडूंचे वजन ब्याण्णव किलो, माझे एकसष्ट. तत्त्वाच्या लढाईत वजनाला किंमत नसते, असेही थोर लोक सांगून गेले आहेत. ते स्वतः किती किलोचे होते, हे मात्र कुणी नोंदवून ठेवलेले नाही.

आमचे सासरेबुवा राकूची भांडी करतात. राकूचे भांडे दोनदा भाजावे लागते. पहिल्यांदा नुसती माती, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकाकता लेप न लावता. या पहिल्या भाजणीला बिस्क म्हणतात. मग ग्लेझ लावून पुन्हा भट्टीत. पण दुसऱ्या वेळी भट्टी निवायची वाट पाहत नाहीत. भांडे लालबुंद असतानाच चिमट्याने ओढून बाहेर काढतात आणि तसेच लाकडाच्या भुशाने भरलेल्या पिंपात टाकतात. भुसा भडकतो, वर झाकण दाबतात, आत धूर कोंडतो आणि त्या घुसमटीतून भांड्याला काळ्या भेगांची नक्षी आणि तांबूस चकाकी येते. इतक्या आगीतून एकदम उघड्या हवेत आलेले भांडे तडकू शकते, हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याकडे ती आहे.

प्रश्न असा की पहिली भाजणी किती अंशांना करायची. कमी भाजली तर माती सच्छिद्र राहते, धक्का सोसते, पण चिमट्यात चुरते. जास्त भाजली तर चिमट्याला दाद देत नाही, पण धक्क्याने तडकते. माझ्या आणि साडूंच्या आकड्यांत एकशे साठ अंशांची मोकळी जागा होती. तिथे राहायला जायची दोघांचीही तयारी नव्हती.

सासरेबुवांनी उभा जन्म आगीचा रंग डोळ्यांनी पाहून भाजण्यात काढला. मोतीबिंदू झाल्यावर आगीचा रंग आणि बायकोच्या साडीचा रंग त्यांना एकच दिसू लागला, तेव्हा त्यांनी बिस्कसाठी विजेची भट्टी घेतली. तिला कंट्रोलर आहे. आकडा टाकायचा, बटण दाबायचे, बाजूला व्हायचे. कंपनीने त्यात एक आकडा आधीच भरून पाठवला होता. तो आम्ही दोघांनी पहिल्याच दिवशी एकमताने पुसला. भाजणी कंपनीने ठरवायची तर आम्ही काय माश्या मारायच्या? आमचे एकमत झाल्याचा तो शेवटचा प्रसंग.

मग सासरेबुवांनी जाहीर केले की भट्टीघराची किल्ली एकाच जावयाला मिळेल. दुसऱ्याने पुढे दुकानात बसायचे.

दुकानात गिऱ्हाईक येते, वाडगा उलटासुलटा करते आणि विचारते, “हे मुद्दाम वाकडं केलंय का?” मी कॉलेजातली नोकरी सोडून इथे अकरा वर्षे माती मळली होती. उरलेले आयुष्य त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात मला घालवायचे नव्हते. खरे कारण एवढेच. बाकी सगळे रसायनशास्त्र.

पहिला वार शब्दांचाच होता.

“नऊशेला भाजलेलं भांडं म्हणजे बिस्किट,” साडूभाऊ म्हणाले. “चहात बुडवायचं आणि खाऊन टाकायचं.”

“आणि तुमचं हजार साठचं म्हणजे काच. नुसते डोळे वटारले तरी तडकेल.”

“प्रोफेसर, तू पुस्तकातलं बोलतोयस.”

“तुम्हाला कसं कळलं, साडूभाऊ? तुम्ही कधी उघडलंत पुस्तक?”

दुसरा वार चार किलोंचा होता. ओल्या मातीचा गोळा माझ्या कानशिलावर बसला आणि मी फळीवर वाळत ठेवलेल्या फुलदाण्यांसकट जमिनीवर आलो. उठलो तेव्हा हाताला थापी लागली. मडकी ठोकायची लाकडी थापी हलकी असते, पण गुडघ्याच्या वाटीला तिचे वजन बरोबर कळते. साडू वयाने आणि मानाने मोठे असल्यामुळे मी त्यांना अहो-जाहो करतो, आणि संकटकाळी संस्कार सोडू नयेत या मताचा मी आहे. “अहो, पळू नका, दुसरा गुडघा राहिलाय,” असे म्हणून मी दुसऱ्या गुडघ्यावरही हाणली.

सासरेबुवा काठी टेकत आले. त्यांना अंधुक दिसते, पण काठीला स्पष्ट दिसते. दोघांना दोन-दोन बसल्या.

“वाडगे मी करतो,” ते म्हणाले. “नाहीतर उद्या एकजण म्हणायचा, माझं चाक वाकडं होतं. माती एक, ग्लेझ एक. पाच वाडगे ह्याच्या आकड्याला भाजायचे, पाच त्याच्या. मग एकाच दिवशी, एकाच राकूच्या भट्टीत. ज्याचे जास्त वाचतील त्याची किल्ली. आणि आता एकमेकांच्या अंगाला हात लावलात, तर दोघंही दुकानात.”

हे शेवटचे वाक्य त्यांनी नंतर मागे घेतले नाही, पण पाळलेही नाही. पाळले असते तर सोमवारीच गोष्ट संपली असती. त्यांनी हातांच्या अंदाजाने अकरा वाडगे काढले. एक जास्तीचा काढायचा ही त्यांची सवय. काहीतरी होतंच, असे त्यांचे म्हणणे. माझ्या पाचांच्या बुडावर एक रेघ ओढली, साडूंच्या पाचांवर दोन.

सोमवारी माझी भाजणी होती. सातशे अंशांपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मग कंट्रोलर एकाएकी काळा पडला. मी मागे वळलो तर साडूभाऊ भिंतीवरच्या मेन स्विचपाशी उभे, चेहऱ्यावर लाइट गेल्यावर सज्जन माणसाच्या चेहऱ्यावर असते तसली काळजी. त्यांचा हात स्विचवरून निघेना. मी एमएस्सीला दुसरा आलो होतो. मी त्यांच्या मनगटाला चावलो. चावणे आपल्याला वाटते तितके सोपे नाही. केस मध्ये येतात. पण ते ओरडले, हात सुटला, मी स्विच वर केला, आणि रक्ताची चव तोंडात घेऊन नऊशेपर्यंत भट्टीशेजारी बसून राहिलो. चव साधारण लोखंडाच्या ग्लेझसारखी असते.

बुधवारी साडूंची भाजणी होती. ते शहाणे निघाले. सकाळपासूनच भट्टीला खेटून खुर्ची टाकून बसले, मांडीवर लोखंडी चिमटा. आमच्या हिने मला बाजूला घेतले. सासरेबुवांच्या या धाकट्या कन्येला मी लग्न झाल्यापासून घाबरतो.

“दाजी दुपारी जेवायला उठतील,” ती म्हणाली. “करवत कुठंय?”

खुर्चीचा मागचा पाय तिने तीन चतुर्थांश कापला. भुसा राकूच्या पिंपात टाकला. वाया काही घालवायचे नाही, हे माहेरचे वळण. साडूभाऊ जेवून आले, ढेकर दिली आणि बसले. खुर्ची मागे गेली, साडू बाजूला गेले, आणि त्यांचा डावा कान भट्टीच्या पत्र्याला चिकटला. चिकटला हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. मी कंट्रोलरकडे धावलो, पण एका हाताने कान धरून दुसऱ्या हाताने त्यांनी माझी मान धरली आणि माझे डोके दाराच्या चौकटीवर आपटू लागले. आठ वेळा आपटले. मी मोजत होतो, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते. तेवढ्यात भट्टीने हजार साठ गाठले आणि कंट्रोलर समाधानाने टुक वाजला.

“झालं,” साडूभाऊ म्हणाले आणि माझी मान सोडली. कामात ते चोख आहेत.

शनिवारी सकाळी ग्लेझच्या खोलीत सगळे जमलो. साडूंच्या कानाला पट्टी, मनगटाला पट्टी; माझ्या डोक्याला दोन टेंगळे, त्यांतले एक दुसऱ्यावर. ग्लेझ लावायचे काम ताईंचे. ताई म्हणजे थोरली बहीण, साडूंची बायको. वीस वर्षे या कारखान्यातल्या प्रत्येक भांड्याला ग्लेझ त्यांनी लावले आहे. भाजलेले भांडे हाती आले की त्या आधी बुडाला जिभेचे टोक लावतात. सच्छिद्र माती जीभ ओढून धरते. किती ओढते त्यावरून भाजणी केवढ्याला झाली हे त्यांना कळते. दहाही वाडग्यांना त्यांनी जीभ लावली. आमच्यापैकी कुणी त्यांना काही विचारले नाही.

“बघा, बाबा,” साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाचांतला एक वाडगा उचलून मुठीत आवळला. कुर्र असा आवाज आला. त्यांनी मूठ उघडली, खाली भुगा पडला. “बिस्किट! मी काय म्हणत होतो?”

मी अजून वाक्य जुळवत होतो, तोवर आमच्या हिने बादलीतला ग्लेझ ढवळायचा दांडका उपसला आणि दाजींच्या तोंडावर आडवा हाणला. अर्धा दात उडाला तो थेट ग्लेझच्या बादलीत. ताईंनी गाळणीने तो काढून बाजूला ठेवला. नवऱ्याविषयी त्यांचे मत काहीही असो, ग्लेझमध्ये दात चालत नाही.

“अगं, ते तुझे दाजी आहेत,” ताई म्हणाल्या.

“म्हणून तर एकच मारला.”

“पाच म्हणजे पाच!” सासरेबुवांनी काठी आपटली. “चाराविरुद्ध पाच अशी कुस्ती मी लावत नाही. पाचवा भरून काढा.”

“शिल्लक एकच आहे बाबा, पण तो...” ताई म्हणाल्या.

पुढचे कुणी ऐकले नाही, कारण त्या क्षणी मी साडूंच्या पाठीवर चढून त्यांचा भाजलेला कान ओढत होतो आणि ते मला पाठीवर घेऊन कपाटावर आपटत होते. ताईंनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिले. मग खांदे उडवले आणि मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने पांढरे ग्लेझ लावलेला पाचवा वाडगा, बुडावर एक रेघ ओढून, माझ्या रांगेत आणून ठेवला. पांढऱ्या लेपाखाली दहाही वाडगे सारखेच दिसत होते.

राकूची भट्टी अंगणात आहे. गॅसवर चालते; वर पत्र्याचे पिंप उलटे घातलेले, ते कप्पीच्या दोरीने वर उचलायचे. दहा वाडगे मांडले. गॅस मात्र त्या दिवशी ताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. “हळू चढवायचाय,” म्हणाल्या, आणि दोन तास वॉल्व्हपाशी उकिडव्या बसून राहिल्या. आम्हाला ते बरेच वाटले. आम्ही दोघे अंगणाच्या दोन टोकांना, मध्ये सासरेबुवांची काठी.

“उचला!” ताई म्हणाल्या.

सासरेबुवांनी दोरी ओढली. पिंप वर गेले आणि दहा वाडगे दिसले, पिकल्या भोपळ्याच्या रंगाचे, आतून पेटल्यासारखे. त्यांच्यावरची हवा थरथरत होती. खरे सांगायचे तर क्षणभर मी सगळे विसरलो. साडूही विसरले असावेत, कारण ते “वा!” म्हणाले. मग आम्ही चिमटे घेऊन धावलो.

माझा पहिला वाडगा चिमट्यातच चुरला. काठाचा तुकडा माझ्या हातात, वाडगा मातीत. दुसऱ्याचेही तेच. साडूंचा पहिला हवेत आला, टिंग असा गोड आवाज झाला आणि त्याचे दोन तुकडे झाले. त्यांतला एक माझ्या बुटात पडला. मुद्दाम पडला की कसे, यावर आजही मतभेद आहेत. बूट पेटला. मी एका पायावर नाचत असताना त्यांचा दुसराही भुशात जाऊन तडकला.

“काच!” मी ओरडलो. “सांगितलं नव्हतं, काच!”

साडूंनी उत्तरादाखल माझा तिसरा वाडगा चिमट्याच्या फटक्याने फोडला. मी त्यांचा तिसरा फोडला. मग वाडग्यांचा आडपडदा कशाला म्हणून आम्ही सरळ एकमेकांवर आलो. हातभर लांबीचे, टोकाला लाल झालेले दोन चिमटे. त्यांचा माझ्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी वाळक्या काटकीसारखे मोडले. डावा हात लोंबकळू लागला. मी उजव्या हाताने माझा चौथा वाडगा चिमट्यात धरला आणि त्यांच्या छातीवर फेकला. विजयासाठी राखून ठेवलेले भांडे शस्त्र म्हणून वापरणे हे धोरण म्हणून चुकीचे होते, हे मला तो हातातून सुटल्यावर कळले. वाडग्याने कातडी एप्रन जाळला, मग सदरा, मग साडू. ते मागे जाऊन भुशाच्या पिंपावर पडले, पिंप आडवे झाले, भुसा भडकला आणि त्यांच्या मिशांनी, मग केसांनी पेट घेतला.

“पाणी!” कुणीतरी ओरडले. बहुधा मीच.

आमची ही बादली घेऊन धावली. दाजींच्या डोक्यावर तिने पाणी ओतले, हे मी तिच्या बाजूने नमूद करतो. पण बादली मोठी होती. उरलेले पाणी भट्टीवरच्या साडूंच्या चौथ्या आणि पाचव्या वाडग्यावर गेले. दोन्ही बॉम्बसारखे फुटले. एक ठिकरी सासरेबुवांच्या गालात घुसली आणि त्यांनी दोरी खुंट्याला गुंडाळून काठी फिरवायला सुरुवात केली. माझ्या कपाळाचे सात टाके त्यांचे आहेत. तशात माझा शेवटचा वाडगा भट्टीवर एकटा निवत चाललेला मला दिसला. चिमटा कुठे होता कोण जाणे. मी हातमोज्यानेच त्याला धरायला गेलो. हातमोजा भिजलेला होता. वाफेने दोन नखे उकडून निघाली. मी किंचाळून मागे पडलो.

ताईंनी पडलेला चिमटा उचलला. वाडगा काठाला न धरता बुडाखालून अलगद उचलला, उभ्या राहिलेल्या एकमेव पिंपात ठेवला, वर मूठभर भुसा टाकला, झाकण लावले आणि झाकणावर वीट ठेवली.

अर्धा तास झाकण उघडायचे नव्हते. साडूभाऊ उलट्या बादलीवर बसले होते, डोक्यावर ओला पंचा, भुवया नव्हत्या. मी भिंतीला टेकून रक्त गिळत होतो. मग ताईंनी वीट बाजूला केली.

वाडगा अखंड होता. पांढऱ्यावर काळ्या बारीक भेगांचे जाळे, आणि आतल्या बाजूला तांब्याची झाक. या कारखान्यात अकरा वर्षांत मी इतका देखणा वाडगा पाहिला नव्हता. सासरेबुवांनी तो पालथा करून बुडावरून अंगठा फिरवला.

“एक रेघ,” ते म्हणाले. “धाकटे जावई.”

मला रडू आले. हाड मोडल्याचे असेल. साडूभाऊ उठले, लंगडत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी हात पुढे केला. “हरलो, प्रोफेसर. नऊशे तर नऊशे.” अर्धा दात नसल्यामुळे नऊशे हा शब्द शिट्टीसारखा वाजला.

“दुकान काही वाईट नसतं, साडूभाऊ,” मी मोठ्या मनाने म्हणालो. “पंखा आहे.”

सासरेबुवांनी कमरेची किल्ली सोडली.

“बाबा,” ताई म्हणाल्या, “तो नऊशेचा नाही.”

“मग? हजार साठचा?”

“कशाचाच नाही. तो अकरावा. कच्चाच होता, पहिली भाजणी झालीच नव्हती त्याची. मी दोनदा सांगितलं सकाळी. ह्यांच्या पाठीवर प्रोफेसर होते.”

कुणाच्या तरी जळक्या केसांचा वास येत होता.

“शक्य नाही,” मी म्हणालो. “कच्चं भांडं भट्टीत फुटतं. मातीतल्या पाण्याची वाफ होते. हे रसायनशास्त्र...”

“घाईने तापवलं तर फुटतं. म्हणून तर वॉल्व्हपाशी बसले होते.”

“म्हणजे पहिल्या भाजणीची गरजच नाही?” साडूभाऊंनी विचारले. दिवसभरात पहिल्यांदाच ते घाबरलेले दिसत होते.

“आहे की. ग्लेझ लावताना हातात विरघळायला लागला होता मेला. एकच होता म्हणून निभावलं. रोजचे चाळीस कोण निभावणार?”

सासरेबुवांनी किल्लीवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी हात लांब केला, अंदाजाने, आवाजाच्या दिशेने. ताईंनी किल्ली घेऊन पदराला बांधली आणि अंगण झाडायला घेतले, कारण ठिकऱ्या पायात जातात.

आता मी आणि साडूभाऊ दोघेही दुकानात बसतो. दोन स्टुलांत चार हातांचे अंतर ठेवले आहे. वाडगे उंचीप्रमाणे मांडायचे की रंगाप्रमाणे, यावर आमचे मतभेद आहेत. पण आजवर फक्त एकदा स्टेपलर फेकला गेला, आणि तोही रिकामा होता. मागून येणाऱ्या मालात शंभरात चार-पाच वाडगे तडकलेले निघतात. आमच्या वेळी तीस निघत.

ताई बिस्क किती अंशांना करतात, हे विचारायचा दोघांनाही दोन महिने धीर झाला नाही. शेवटी साडूभाऊ म्हणाले, “तू विचार. माझी बायको आहे, मला नाही सांगायची.”

मी विचारले.

“हजार,” ताई म्हणाल्या.

“हजारच का?”

“मला तो आकडा बदलता येत नाही. रीसेट केलं की कंपनीचाच येतो.”